मर्लचा गिझाडा

माझ्या आईचं नाव मर्ल होतं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण रेशनकार्डावर, कॉलनीच्या यादीत, नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांवर आणि शेवटी तिच्या निधनाच्या जाहिरातीतसुद्धा ती मृणाल म्हणूनच छापली गेली. लग्नात बाबांच्या मोठ्या बहिणीने ताटातल्या तांदळांत ते नाव लिहायला लावलं, आणि मर्लला जवळचं काय तर मृणाल, असा हिशेब करून सगळे खूश झाले. तिला कुणी विचारलं नाही. बाबा खडकीच्या कारखान्यातून प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते, तिथे त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, आणि त्या वॉर्डात जी जमैकाची नर्स त्यांना चमच्याने सूप पाजत होती ती पुढे माझी आई झाली. ही गोष्ट बाबा पाहुण्यांना फार रंगवून सांगत. सुपाच्या पुढची गोष्ट ते सांगत नसत, म्हणून ती मी सांगते आहे.

कोथरूड तेव्हा गावच होतं. आमची कॉलनी नवी, प्लॉट मोकळे, मागे भाताची खाचरं आणि रस्त्याला लाल माती. घर चांगलं होतं, पुढे ओटा, आत ओट्याचं स्वयंपाकघर, गॅसची शेगडी. त्या स्वयंपाकघरात आईने वरण, भात, भाजी, पोळी करायची. तिच्या स्वतःच्या देशातलं काही करायचं असेल तर ते मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये. हा नियम कुणी भांडून केला नव्हता. बाबांची बहीण एकदा आली, पातेल्यात डोकावली, काही न बोलता बाहेर जाऊन बसली, आणि तिने घरात पाणीही घेतलं नाही. दुसऱ्याच रविवारी बाबांनी सुताराला आणि पत्रेवाल्याला बोलावलं. शेड उन्हाळ्यात भट्टीसारखी तापायची. आई तिथे कोळशाच्या शेगडीपुढे स्टुलावर बसायची, घाम पुसायची आणि तिच्या लहानपणच्या चर्चमधलं काहीतरी हळू गुणगुणायची. खोबरं खवण्याचा आवाज, खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज आणि ते गुणगुणणं म्हणजे माझा शनिवार.

आईला मंडईत नेलं की ती वेडी व्हायची. तिच्या गावाकडची कॅललू नावाची पालेभाजी म्हणजे आपला माठच, हे तिला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिने दोन्ही हातांत जुड्या घेतल्या आणि भाजीवालीचे हातच धरले. निरफणस दिसला की ती भाव न करता घ्यायची आणि निखाऱ्यावर काळा होईपर्यंत भाजायची. तिथल्या थाइम नावाच्या पाल्याऐवजी ती कुंडीतल्या ओव्याची पानं वापरायची. राजमा आणि तांदूळ नारळाच्या दुधात एकत्र शिजवून, वर एक अख्खी लवंगी मिरची ठेवायची, ती फुटू द्यायची नाही. खडकीच्या बाजारातून बकऱ्याचं मटण आणायची आणि हळदीच्या मसाल्यात तासन्तास मुरवायची. तो मसाला त्यांच्याकडे हिंदुस्थानातूनच गेला होता. उसाच्या मळ्यांवर राबायला बोटी भरभरून माणसं नेली होती, त्यांनी तो नेला. आई लग्न करून इकडे यायला निघाली तेव्हा तिच्या आईने तिला सांगितलं होतं, घाबरू नकोस, आपलं पातेलं जिथून आलं तिथेच तू चालली आहेस. आणि त्या पातेल्याला इथे पत्र्याची शेड मिळाली. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

तिचं मराठी तिला आम्ही शिकवलं नाही. बाबा तिच्याशी इंग्रजीत बोलत, आणि ती त्यांना श्रीधर म्हणायची. तिला मराठी शिकवलं कोथरूड गावातून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या भाजीवाल्यांनी, म्हणून ती ‘आहे’ न म्हणता ‘हाय’ म्हणायची. कॉलनीतल्या बायका त्यावर पदराआड हसायच्या. शेजारच्या मालतीकाकू पदराआड हसत नसत. त्या तोंडावर म्हणत, मृणालताई, तुमचं मराठी ऐकलं की अगदी शेतावर गेल्यासारखं वाटतं हो, आणि आई त्याला कौतुक समजून थॅंक यू म्हणायची. मी तिथेच उभी असायची. मला ते कळायचं, आणि आईला सांगायची माझी हिंमत नव्हती.

मग रोझाल्बा आली. ती कोलंबियाची. तिचा नवरा उसाच्या संशोधनासाठी दोन-तीन वर्षं पुण्याला आला होता आणि त्यांनी आमच्या मागच्या गल्लीत घर भाड्याने घेतलं होतं. आईला ती वाण्याच्या दुकानात भेटली. एक बुटकी, गोरी, मोठ्या हाडाची बाई गुळाची अख्खी ढेप मागत होती आणि वाण्याला वाटत होतं तिला काहीतरी दुसरंच हवं आहे. तिला गूळच हवा होता. त्यांच्याकडे गूळ पाण्यात उकळून, लिंबू पिळून, सकाळ-संध्याकाळ पितात. आईने वाण्याला तिच्या भाजीवालीच्या मराठीत समजावलं आणि दोघी ढेप घेऊन थेट आमच्या शेडमध्ये आल्या. दोघींची मिळून धड अशी एकही भाषा नव्हती. रोझाल्बाचं इंग्रजी मोडकं, आईला स्पॅनिश येत नाही. पण कच्ची केळी जाड कापून तळायची, बाहेर काढून बशीखाली दाबून चपटी करायची आणि पुन्हा तळायची, हे दोघींच्या आयांनी दोघींना शिकवलं होतं. हा पदार्थ जमैकाचा की कोलंबियाचा यावर त्या इतक्या भांडल्या की मी घाबरून आत पळाले, आणि परत आले तेव्हा दोघी डोळे पुसत हसत होत्या.

त्यानंतरची दोन वर्षं आमच्या घरात जेवढं हसू होतं तेवढं सगळं त्या शेडमध्ये होतं. रोझाल्बा मक्याच्या पिठाच्या जाड, भाकरीसारख्या अरेपा तव्यावर भाजायची आणि मधे फोडून लोणी घालायची. मक्याच्याच पारीत बटाटा भरून करंजीसारखे एम्पानादा तळायची, सोबत मिरची-कोथिंबिरीचं आंबट पाणी. तिची आई कालीत, तिच्या शहरात, चर्चच्या कोपऱ्यावर कढई मांडून हेच विकायची आणि त्यावर तिने पाच मुलं वाढवली, हे ती मान वर करून सांगायची. आईची मावशी बसस्टॉपवर काचेच्या पेटीत मटणाचे पॅटिस आणि चिंचेच्या गोळ्या विकायची. मला हे ऐकून तेव्हा लाज वाटायची, आणि रस्त्यावर पदार्थ विकणाऱ्यांच्या घरातलो आपण, हे शाळेत कळू नये म्हणून मी देवाला सांगायची. ही लाज मी कुठून आणली होती? आईकडून नक्कीच नाही.

आईचा सगळ्यात नाजूक पदार्थ गिझाडा. मैद्याची छोटी वाटी, तिची कड चिमटीने दुमडत गोल फिरवायची, आत गूळ, आलं आणि जायफळ घालून शिजवलेलं ओलं खोबरं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती ते भाजायची, खाली निखारे, झाकणावर निखारे. कडेला चिमटे एकसारखे पडायचे नाहीत, कारण लहानपणी उसाच्या कोयत्याने तिच्या उजव्या अंगठ्याचं टोक गेलं होतं. दर तिसऱ्या चिमट्याला कड थोडी जास्त दबायची.

मालतीकाकूंना गिझाडा फार आवडायचा. त्या मागच्या दाराने यायच्या, पायरीवर उभ्या राहून दोन-तीन खायच्या, तोंड पुसायच्या आणि आमच्याकडे कुणाला सांगू नका हं, म्हणायच्या. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, लीना, तुझं अक्षर किती सुरेख आहे, ह्याची कृती मला नीट लिहून दे बरं. मी आईला विचारून, मापं घेऊन, एका जाड कार्डावर निळ्या शाईने लिहून दिली. माझं अक्षर बाबांनी घडवलेलं होतं, रोज संध्याकाळी बोरू धरायला लावून. काकू म्हणाल्या, वर नाव नको लिहूस, जागा सोड, नाव मी घालते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी चौदा वर्षांची होते आणि माझ्या अक्षराचं कौतुक झालं होतं.

कॉलनीच्या भगिनी मंडळाने पाककला स्पर्धा ठेवली. मंडळाच्या अध्यक्ष मालतीकाकू. आईने आणि रोझाल्बाने नाव दिलं. आई तीन दिवस तयारीत होती. तिने निवडून नारळ आणले, नवं तूप कढवलं, अंड्याला हातही लावला नाही, डबासुद्धा नवा घेतला. त्या दिवशी तिने निळी नारायणपेठ नेसली आणि केस इतके घट्ट बांधले की कपाळ ओढल्यासारखं दिसत होतं. शाळेच्या हॉलमध्ये लांब टेबलावर पांढऱ्या चादरी, त्यावर सगळ्यांची ताटं, प्रत्येक ताटापुढे कृतीचं कार्ड. आमची ताटं त्या टेबलावर नव्हती. एका बाईंनी ती आमच्या हातातून घेतली आणि दाराबाहेर, व्हरांड्यातल्या बाकावर, चपलांच्या रांगेपलीकडे नेऊन ठेवली. आईने कारण विचारलं. त्या बाई म्हणाल्या, राग मानू नका, पण तुमच्या भांड्यांत काय काय शिजतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, परीक्षकांना आधी विचारावं लागेल. परीक्षकांना कुणी विचारलं नाही. ते बाहेर आलेच नाहीत.

पहिलं बक्षीस ‘श्रीफळ वाटी’ या पदार्थाला मिळालं. सौ. मालतीकाकूंनी केलेला. परीक्षकबाईंनी ताट उचलून सगळ्यांना दाखवलं. मैद्याची छोटी वाटी, आत गुळाचं खोबरं, कडेला एकसारखे, सुबक चिमटे. त्या म्हणाल्या की आपल्या परंपरेतला विस्मरणात गेलेला पदार्थ काकूंनी पुन्हा उजेडात आणला. टाळ्या झाल्या. आई माझ्या शेजारी उभी होती. ती पुढे गेली, ताटातली एक वाटी उचलली, अर्धी खाल्ली आणि उरलेली परत ठेवली. बोलली ती रोझाल्बा. तिला मराठीचे पन्नासेक शब्द येत असतील. त्यातले तिने चार वापरले.

“हे मर्लचं. मर्लनं केलं.”

मालतीकाकू हसल्या. मला ते हसू अजून दिसतं, दात न दाखवता केलेलं. त्या सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, “अहो, नारळ काय कुणाच्या मालकीचा असतो का? ही आपली करंजीच आहे, फक्त उघडी.” लोक हसले. पुणेरी माणसाला असं एखादं वाक्य मिळालं की तो खरंखोटं बघत नाही.

ताटापुढे कार्ड होतं. निळी शाई, माझं अक्षर. वरती मोकळ्या जागेत काकूंच्या किरट्या अक्षरात पदार्थाचं आणि त्यांचं नाव. बाबा खुर्चीवरून उठून पुढे आले होते, कारण सगळे त्यांच्याकडे बघायला लागले होते. त्यांनी ते कार्ड उचललं. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. त्यांनी ते वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि मग माझ्याकडे पाहिलं. जे अक्षर त्यांनी स्वतः घडवलं ते त्यांना ओळखू आलं नाही असं मी कधीच मानणार नाही. मला वाटलं आता ते बोलतील. त्यांनी कार्ड टेबलावर उपडं ठेवलं.

“जाऊ दे, मृणाल,” ते म्हणाले. “काकूंचं अभिनंदन कर.”

या दोन शब्दांवर माझा जन्मभराचा राग आहे. जाऊ दे. आमच्या घरात जे जे म्हणून आईचं होतं ते याच दोन शब्दांनी गेलं. तिचं नाव, तिची नर्सिंगची नोकरी (घरात काय कमी आहे, जाऊ दे), तिचं रविवारचं चर्च, तिचं स्वयंपाकघर. बाबा दुष्ट नव्हते. त्यांनी एकदा सोडलं तर कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही, आजारपणात तिच्या उशाशी बसायचे. लोक मला हे सांगतात आणि मी शांत व्हावं अशी अपेक्षा करतात. मी होत नाही. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं. आणि त्यांच्याइतकाच राग मला त्या चौदा वर्षांच्या मुलीचा येतो. हे अक्षर माझं आहे, एवढंच बोलायचं होतं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

आईने बाबांकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग त्या सगळ्या भरलेल्या खुर्च्यांकडे.

“माझं नाव मर्ल हाय,” ती म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. तिने व्हरांड्यातून आपलं ताट उचललं, रोझाल्बाने आपलं, आणि दोघी फाटकाबाहेर पडल्या. मी मागे गेले, पण दहा पावलं अंतर ठेवून. शाळेसमोर बसस्टॉप होता. तिथे रस्त्याच्या कामावरच्या बायका, घरी निघालेल्या भाजीवाल्या, एक पोस्टमन आणि दोन कॉलेजची मुलं उभी होती. आई त्यांच्यापुढे ताट धरून उभी राहिली आणि घ्या म्हणाली. पहिल्यांदा कुणी हात पुढे केला नाही. मग तिला मराठी शिकवणाऱ्या भाजीवाल्यांपैकी सखूबाई नावाच्या म्हातारीने पाटी खाली ठेवली, एक गिझाडा उचलला आणि उभ्या उभ्या संपवला. “लई ग्वाड हाय गं, मरल,” ती म्हणाली. रोझाल्बा सोडली तर आमच्या अख्ख्या पुण्यात तिचं नाव नावासारखं घेणारी ती एकटी बाई होती. मग सगळ्यांनी घेतलं. रोझाल्बाची केळी मुलांनी संपवली. सखूबाईने जाताना विचारलं, येत्या शनवारी हितंच बसनार का, म्हंजे पोरीला घेऊन येते. आईने मागचा-पुढचा विचार न करता हो म्हटलं.

घरी आल्यावर बाबा पहिल्यांदा मोठ्याने बोलले. रस्त्यावर उभी राहून विकणार, माझी बायको, मी कारखान्यात तोंड कसं दाखवू, असं पुष्कळ. आईने ऐकून घेतलं आणि शेडमध्ये जाऊन दुसऱ्या दिवसासाठी राजमा भिजत घातला. रात्री मी तिला कार्डाचं सांगितलं. ती म्हणाली तिने टेबलावरच ओळखलं होतं. ती रागावली नाही. तिने मला एवढंच विचारलं की तू मापं बरोबर लिहिली होतीस ना, कारण काकूंच्या वाटीत आलं कमी होतं.

पुढच्या शनिवारी दोघींनी शेडमधलं टेबल बसस्टॉपवर नेलं. कोळशाची शेगडी, कढई, काचेची एक पेटी, रोझाल्बाचा तवा. अरेपा, केळी, गिझाडा, चिंचेच्या गोळ्या, नारळाच्या दुधातला राजमा-भात पानावर. कॉलनीतल्या लोकांनी पहिले काही महिने रस्त्याच्या पलीकडून चालायचा नेम केला, मग त्यांची मुलं यायला लागली, मग पगाराच्या दिवशी तेही. मालतीकाकू आल्या नाहीत. दीड वर्षाने रोझाल्बाच्या नवऱ्याचं काम संपलं आणि ती परत गेली. जाताना तिने तवा ठेवला, आणि आईने तो एकटीने चालवला. आजकाल त्याच भागात भिंतीवर माडाची चित्रं काढलेलं एक हॉटेल आहे. तिथे हीच दाबलेली केळी काळ्या दगडावर वाढतात आणि लोक बाहेर रांग लावतात. माझ्या पुतण्याने मला तिथे नेलं होतं. मी पाणी पिऊन उठले.

टेबल सुरू झाल्यानंतर तिसऱ्या वर्षी मी कॉलेजात होते. एका शनिवारी डेक्कनवरून घरी येताना बसमध्ये बाबा भेटले. कारखाना शनिवारी लवकर सुटायचा. त्यांनी मला खिडकी दिली, परीक्षेची चौकशी केली, शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. खूप दिवसांनी आम्ही इतकं बोलत होतो आणि मला बरं वाटत होतं. आमच्या स्टॉपच्या आधीचा स्टॉप आला तसे ते उठले आणि म्हणाले, चल. मी म्हटलं, आपला पुढचा आहे. ते म्हणाले, माहीत आहे गं, जरा पाय मोकळे करू, मागच्या गल्लीने जाऊ. तेव्हा माझ्या लक्षात आलं की शनिवारी त्यांच्या बुटांना नेहमी मागच्या गल्लीची लाल माती का असते. तीन वर्षं, दर शनिवारी, हा माणूस स्वतःच्या बायकोसमोर उतरावं लागू नये म्हणून एक स्टॉप अलीकडे उतरत होता.

“मी पुढे उतरते,” मी म्हटलं.

ते दांडा धरून उभे राहिले. कंडक्टर घाई करत होता. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि ते काय असणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले. ते उतरले. घंटी वाजली.

पुढच्या स्टॉपवर आईभोवती गर्दी होती. मी पुस्तकं टेबलाखाली सरकवली, हात धुतले आणि केळी दाबायला घेतली. बऱ्याच वेळाने, कढईतून नजर न काढता, तिने विचारलं, श्रीधर बसमध्ये होता का. मी खोटं बोलणार होते. मग म्हटलं, होते, मागच्या स्टॉपवर उतरले.

“रस्ता सरळ हाय,” ती म्हणाली. “मला इथून दर शनिवारी दिसतो तो उतरताना.” आणि झाऱ्यातली केळी निथळून तिने समोरच्या माणसाला विचारलं, तिखट चालेल ना.